गाडीच्या विम्याच्या अर्जात चलन, दंड आणि खटला: काय लिहावे, काय लिहिण्याची गरज नाही

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे एमएच १९ पासिंगची बाराशे सीसीची खाजगी मोटार आहे, तिचा विमा महिन्याभरात संपतो आहे आणि या वर्षी त्यांना विमा कंपनी बदलायची आहे. गाडीच्या नावावर वेगमर्यादेची दोन ई-चलने, सीटबेल्टचे एक आणि सुरतेला लग्नाला गेले असताना सिग्नल तोडल्याचे एक अशी चलने आहेत. काही भरलेली, काही थकलेली. शिवाय २०२३ मध्ये पारोळ्याजवळ त्यांच्या गाडीची एका दुचाकीस्वाराला धडक बसली होती आणि त्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ व ३३७ खालचा खटला अजून प्रलंबित आहे. एजंटाने अर्ज स्वतः भरला, चालकाविषयीच्या सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिले आणि ‘काही व्हत नही, भाऊ’ असे म्हणून सही मागितली. इंग्लंडात लेस्टरला राहणारा त्यांचा भाचा मात्र सांगतो की गेल्या पाच वर्षांतला प्रत्येक दंड जाहीर केलाच पाहिजे, नाहीतर विमा रद्द होतो. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की दोघांचेही जसेच्या तसे ऐकू नये. आपल्या चारही चलनांपैकी एकही, छापील अर्जात तसा प्रश्न स्पष्ट विचारलेला नसेल तर, सांगण्याची गरज नाही. पारोळ्याचा खटला मात्र, तो अजून चालू असला आणि त्यात आपण निर्दोष सुटण्याची शक्यता असली तरी, लिहिलाच पाहिजे. एजंटाने नेमके याच रकान्यात ‘नाही’ लिहिले असल्यामुळे हा अर्ज आहे तसा सही करून देऊ नये.

हे कशाच्या आधारावर सांगतो ते पाहू. आपल्याकडे खाजगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीचा (जिच्यात स्वतःच्या गाडीचे आणि दुसऱ्याचे, असे दोन्ही नुकसान येते) प्रस्ताव-अर्ज, ज्याला सगळे प्रपोजल फॉर्म म्हणतात, तो बहुतेक कंपन्यांनी २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधील, म्हणजे मोटार विम्याच्या दर व अटींच्या पुस्तकातील, नमुन्यावरून घेतलेला आहे. त्या नमुन्यात चालकाविषयी वय, दृष्टी किंवा श्रवणदोष आणि शारीरिक व्यंग यांच्यानंतर जो प्रश्न येतो त्याचा आशय असा: हा चालक अपघात किंवा नुकसान घडवण्याच्या प्रकरणात कधी गुंतलेला होता का, किंवा त्याबद्दल त्याला शिक्षा झाली आहे का, असल्यास प्रलंबित खटल्यांसह तपशील द्यावा. पुढे चालकाचे नाव, अपघाताची तारीख, परिस्थिती आणि नुकसानीची रक्कम यांचे रकाने असतात. हा प्रश्न नीट वाचला म्हणजे लक्षात येते की त्यात सीटबेल्ट नाही, वेगमर्यादा नाही आणि सिग्नलही नाही. त्यात अपघात आहे, त्या अपघाताशी चालकाचा संबंध आहे आणि खटला प्रलंबित असला तरी तो सांगावा अशी स्पष्ट मागणी आहे. ‘शिक्षा झालेली नाही, म्हणून नाही’ असे उत्तर देणाऱ्याने अर्धाच प्रश्न वाचलेला असतो. खटल्यातून उद्या आपण निर्दोष सुटलात तरी अपघातात गाडी गुंतलेली होती हे तथ्य बदलत नाही, आणि प्रश्न त्या तथ्याविषयीही आहे.

विमा हा करार परम विश्वासाचा मानला जातो, म्हणजे जोखमीवर परिणाम करणारी जी माहिती फक्त ग्राहकाकडे असते ती त्याने दडवू नये, हे तत्त्व जुने आहे. परंतु ग्राहकाने आपणहून काय काय आठवून सांगावे याला काही मर्यादा असायला हवी, नाहीतर दाव्याच्या वेळी कंपनी कोणतीही बाब महत्त्वाची होती असे म्हणू शकेल. ही मर्यादा विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घातलेली आहे. पॉलिसीधारकांच्या हितसंरक्षणाच्या २०१७ च्या विनियमांत महत्त्वाची माहिती कशाला म्हणावे हे सांगताना, कंपनीने प्रस्ताव-अर्जात व त्याच्याशी जोडलेल्या कागदांत स्पष्टपणे मागितलेली आवश्यक माहिती, असा अर्थ दिलेला होता (२०२४ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली). म्हणून मी कोणत्याही ग्राहकाला सांगतो की आधी प्रश्न वाचा, मग उत्तराचा विचार करा. एखाद्या कंपनीने स्वतःच्या अर्जात ‘गेल्या तीन वर्षांत वाहतूक नियमभंगाबद्दल दंड झाला आहे का’ असा वेगळा प्रश्न घातला असेल, तर तिथे चलनेही लिहावी लागतील आणि ती लिहावीत. असा प्रश्न नसताना अर्जाला चलनांची यादी जोडण्यात काही अर्थ नाही.

इथे चलन, दंड आणि शिक्षा यांत फरक करणे आवश्यक आहे, कारण बोलताना आपण तिन्हींना ‘दंड झाला’ असेच म्हणतो. कॅमेऱ्याने फोटो काढून मोबाइलवर संदेश आला म्हणजे तो केवळ आरोप असतो. ते चलन आपण महाट्रॅफिक ॲपवर किंवा वाहतूक शाखेत भरले, तर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २०० प्रमाणे गुन्ह्याची तडजोड होते. भरलेली रक्कम तडजोड शुल्क असते आणि त्या गुन्ह्याबद्दल पुढे कारवाई होत नाही. ही न्यायालयाची दोषसिद्धी नव्हे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात एक बारीक गोष्ट जोडली आहे: तडजोड झाली तरी तोच गुन्हा पुन्हा घडल्यास पहिला गुन्हा मोजला जातो, म्हणजे दुसऱ्या वेळचा वाढीव दंड लागू शकतो. चलन भरून टाकले की पाटी कोरी झाली, असे समजणाऱ्यांना हे सहसा माहीत नसते.

चलन न भरल्यास किंवा गुन्हा तडजोडीच्या यादीतलाच नसल्यास प्रकरण न्यायालयात जाते, आणि तिथे गुन्हा कबूल करून दंड भरला तर ती मात्र खरी शिक्षा होते, मग रक्कम पाचशे रुपये असो की दहा हजार. दारू पिऊन गाडी चालवण्याचे कलम १८५ तडजोडीच्या यादीत नाही. रक्तात शंभर मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हे न्यायालयातच ठरते. धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याच्या कलम १८४ मधला फक्त हातात मोबाइल धरल्याचा भाग तडजोडीस पात्र आहे, बाकीचा नाही. आपल्यावरची २७९ आणि ३३७ ही कलमे मोटार वाहन कायद्याची नसून फौजदारी कायद्याची आहेत. १ जुलै २०२४ पासून तशाच प्रकारच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५ लागतात, परंतु आपली घटना आधीची असल्याने आपला खटला जुन्याच कलमांखाली चालेल. अर्जात तपशील लिहिताना कलमे दोषारोपपत्रात आहेत तशीच लिहावीत.

आणखी एक घोळ मला या भागात नेहमी दिसतो. ई-चलन गाडीच्या क्रमांकावर, म्हणजे मालकाच्या नावाने निघते. अर्जातला प्रश्न मात्र चालकाविषयी असतो. गाडी आईच्या नावावर, चालवतो मुलगा, रावेर-यावलकडे केळीच्या कामाला घेऊन जातो पुतण्या, आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढताना स्टिअरिंगवर असतो रोजंदारीचा ड्रायव्हर, ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. अशा घरात मालकाच्या नावाची चलने त्याच्या स्वतःच्या वाहनचालनाविषयी काहीही सिद्ध करत नाहीत. उलट पुतण्याने केलेल्या अपघाताची नोंद आपल्या लक्षातही नसते, पण तो नियमित चालक म्हणून दाखवला असेल तर त्याचा अपघात लिहावा लागतो. म्हणून अर्ज भरण्याआधी गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना विचारून घ्यावे.

आता भाच्याचे म्हणणे. तो चुकीचे सांगत नाही, फक्त तो तिथल्या व्यवस्थेबद्दल सांगतो आहे. ब्रिटनमध्ये वाहतुकीच्या गुन्ह्यांचे दंड-गुण परवान्यावर नोंदवले जातात, त्यांना ठरावीक संकेतांक असतात, विमा कंपन्या साधारणपणे गेल्या पाच वर्षांतल्या अशा नोंदी विचारतात आणि हप्ता त्यावर थेट बदलतो. तिथेही २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने ग्राहकाचे कर्तव्य विचारलेल्या प्रश्नाला वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर देण्याचे ठरवले आहे. तिथे प्रश्न विचारतात म्हणून तो उत्तर देतो. आपल्याकडे चालकाच्या परवान्यावर तशी गुणपद्धती देशभर लागू नाही, आणि हप्त्याचा मोठा भाग चालकाच्या वागण्याशी जोडलेलाच नाही. तृतीय पक्षाच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या, विम्याचा हप्ता सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला तो वर्षाला ३,४१६ रुपये होता, आणि मालकाला एक चलन झालेले असो की चाळीस, हा आकडा हलत नाही.

चलनांप्रमाणे हप्ता वाढवावा असा विचार आपल्याकडेही झालेला आहे. नियामकाने नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगासाठी वेगळा हप्ता सुचवला होता. त्यात दारू पिऊन वाहन चालवण्याला १०० गुण आणि चुकीच्या पार्किंगला १० गुण असे कोष्टक होते आणि सुरुवात दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात करावी असे म्हटले होते. ती शिफारस होती. वर्तमानपत्रातली त्या वेळची कात्रणे दाखवून अजूनही काही एजंट ग्राहकांना ‘चलन भरा, नाहीतर विमा मिळणार नाही’ असे सांगतात, ते बरोबर नाही. थकलेली चलने भरावीत ती वेगळ्या कारणांसाठी: प्रकरण न्यायालयात जाऊ नये म्हणून, आणि उद्या गाडी विकताना आरटीओत काम अडू नये म्हणून. लोकअदालतीची नोटीस आली असेल तर तिथे जाऊन मिटवणे सोयीचे पडते. सुरतेचे चलन महाराष्ट्राच्या ॲपवर दिसेलच असे नाही, ते परिवहन खात्याच्या केंद्रीय संकेतस्थळावर शोधावे. नवापूर ओलांडून गुजरातेत किंवा पळासनेर ओलांडून मध्य प्रदेशात वरचेवर जाणाऱ्यांनी ही तपासणी अधूनमधून करावी.

या सगळ्यात ज्या गोष्टींमुळे दावे खरोखर अडतात त्या राहून जाऊ नयेत. दाव्यांच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की सांगायचे राहिलेले चलन हे दावा बुडण्याचे कारण सहसा नसते. कारण असते ते नो क्लेम बोनस, परवाना, दारू आणि गाडीचा वापर यांपैकी एखादे.

बोनसचे घ्या. दावा न घेतल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. कंपनी बदलताना ग्राहक जे घोषणापत्र देतो त्यात स्पष्ट लिहिलेले असते की हे विधान खोटे निघाले तर पॉलिसीच्या पहिल्या विभागाखालचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, सर्व लाभ जप्त होतील. नवीन कंपनीने जुन्या कंपनीकडून बोनसची खातरजमा करून घेणे अपेक्षित आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. आपण पारोळ्याच्या अपघातानंतर बंपर आणि दिवा बदलण्यासाठी जुन्या कंपनीकडून दावा घेतला होता की नाही, हे आपल्या प्रश्नात लिहिलेले नाही. घेतला असेल तर त्या वर्षाचा बोनस तिथेच संपला आणि टक्केवारी त्यानंतरच्या बिनदाव्याच्या वर्षांपासूनच मोजावी लागेल. एजंटाने अर्जात ५० टक्के लिहिले असतील तर ते आधी दुरुस्त करा. हप्त्यात चार-दोन हजार वाचवण्यासाठी लाखांचा दावा गमावणे हा मूर्खपणा मी फार जवळून पाहिलेला आहे.

परवान्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. अतिवेग, सिग्नल तोडणे, दारू, वाहन चालवताना मोबाइल अशा गुन्ह्यांत पोलीस परवाना निलंबनासाठी आरटीओकडे पाठवू शकतात. रस्ता सुरक्षेविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्ये अशा प्रकरणांत किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. त्या निलंबनाच्या काळात गाडी चालवली आणि अपघात झाला, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे तो विमा कंपनीचा कायदेशीर बचाव ठरतो. त्याच कलमात २०१९ नंतर दारूच्या अमलाखाली वाहन चालवणे हाही बचाव घालण्यात आला आहे, आणि महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी मिळवली असणे हा तर आधीपासूनच आहे. जखमी किंवा मृताच्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणून न्यायालये अनेकदा कंपनीला आधी रक्कम द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. परवान्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात ही वाट विस्ताराने घालून दिली आहे. वसुली म्हणजे काय, हे शेती नावावर असलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. दारूच्या बाबतीत रक्ततपासणीचा अहवाल नाही म्हणून आपण सुटलो असेही समजू नये: २०२१ च्या पर्ल बेव्हरेजेस निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की इतर पुराव्यांवरूनही चालक अमलाखाली होता हे दाखवता येते.

वापराविषयी इतकेच की पांढऱ्या पाटीची गाडी लग्नसराईत किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत भाड्याने देणाऱ्याला परमिटशिवाय प्रवासी वाहतुकीचे कलम १९२-अ चे चलन झाले, तर ते चलन अर्जात सांगावे लागत नाही, पण अर्जातले ‘केवळ खाजगी वापर’ हे उत्तर त्यानेच खोटे पडते. अशा प्रकरणात दावा पूर्ण नाकारण्याऐवजी काही टक्के कापून द्यावा असा कौल सर्वोच्च न्यायालयाने अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये दिलेला असला, तरी त्या आशेवर गाडी भाड्याने फिरवू नये.

आता आपण काय करावे ते सांगतो. एजंटाकडून अर्ज परत घ्या आणि चालकाच्या रकान्यात ‘होय’ लिहून पुढे एवढेच लिहा: अपघाताची तारीख, ठिकाण, चालक कोण होता, समोरच्याला झालेली इजा, गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालयाचे नाव आणि ‘खटला प्रलंबित’. ‘चूक समोरच्याची होती’, ‘पोलिसांनी खोटा गुन्हा दाखल केला’ असली वाक्ये घालू नका. तो वाद न्यायालयात आहे, विमा कंपनीला त्यात रस नाही, आणि लेखी विधान उद्या कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. दुचाकीस्वाराने मोटार अपघात दावा प्राधिकरणात भरपाईचा अर्ज केला असेल तर त्याचाही उल्लेख एका ओळीत करा. तो दावा अपघाताच्या दिवशी ज्या कंपनीची पॉलिसी होती तिच्याकडेच राहील, नव्या कंपनीवर त्याचा भार येत नाही, म्हणून तो सांगण्यात आपले काही जात नाही. ऑनलाइन विमा घेत असाल तर अनेकदा हा रकानाच दिसत नाही, फक्त सगळे खरे असल्याच्या घोषणेवर खूण करायची असते; अशा वेळी पॉलिसी घेतानाच कंपनीच्या ईमेलवर वरील मजकूर पाठवून ठेवा आणि पोच जपून ठेवा. लेखी अर्ज घेतला नसेल तर मिळालेली माहिती नोंदवून ग्राहकाकडून तिची खातरजमा करण्याची जबाबदारी नियमांनी कंपनीवर टाकली आहे, आणि नोंद न केलेल्या माहितीबाबत ग्राहकाने दडवादडवी केली हे सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच असतो.

‘होय’ लिहिल्याने विमा मिळणार नाही, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून खुले झाले असल्यामुळे कंपनी त्या भागात सूट कमी करू शकते, आणखी माहिती मागू शकते, क्वचित दाव्याच्या रकमेतून जादा कपातीची अट घालू शकते. एखाद्या कंपनीने नकार दिलाच तर दुसरीकडे जाता येते, मात्र तिथल्या अर्जात ‘यापूर्वी कोणा कंपनीने विमा नाकारला आहे का’ या प्रश्नालाही मग ‘होय’ लिहावे लागेल. या शोधाशोधीत जुनी पॉलिसी संपू देऊ नका. विम्याविना गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहेच, शिवाय खंड नव्वद दिवसांपेक्षा लांबला तर बोनसही जातो.

अर्ज इंग्रजीत आहे आणि सही मराठीत, ही आपल्याकडची सर्रास परिस्थिती आहे. अर्ज कोणी भरला याला दाव्याच्या वेळी फारसे महत्त्व राहत नाही. सही ज्याची, उत्तरे त्याची. अर्जाच्या शेवटी मजकूर समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र असते, ते खरोखर समजल्याशिवाय त्याखाली सही करू नये, आणि भरलेल्या अर्जाची प्रत कंपनीकडून विनामूल्य मागून घ्यावी. तीन वर्षांनंतर कोणतीही चूक माफ होते, असे एजंट सांगतात ते विमा कायद्याच्या कलम ४५ वरून. ते कलम आयुर्विम्यापुरते आहे, गाडीच्या विम्याला त्याचा उपयोग नाही.

हे उत्तर हाती पडेपर्यंत आपण त्या अर्जावर सही करून दिली असेल, तरी वेळ गेलेली नाही. पॉलिसी क्रमांक घालून ‘प्रस्ताव-अर्जातील चालकाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर नजरचुकीने नाही असे गेले आहे, ते पुढीलप्रमाणे वाचावे आणि पॉलिसीवर तशी नोंद करून द्यावी’ असे पत्र कंपनीच्या शाखेत द्या किंवा ईमेल करा, एजंटाच्या हाती देऊ नका. हे पत्र अपघात होण्याच्या आधीचे असले पाहिजे. नंतर दिलेल्या पत्राला दुरुस्ती म्हणून किंमत राहत नाही. पुढे कधी माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा ते मान्य नसल्यास खानदेशातील ग्राहकाला पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला असतो. दोन्ही ठिकाणी पहिला कागद मागितला जातो तो आपल्या सहीच्या प्रस्ताव-अर्जाचा.